सिंहासनाचं माप

सिंहासन तयार होतं, त्यावर बसणारा राजा तेवढा पोत्यात होता.

दुसरा एक राजा कारखान्यात आधीपासूनच हजर होता. तो खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसून, पट्टी बांधलेला उजवा पाय स्टुलावर ठेवून, रविवारी करवत चालवावी की नाही यावर आपलं मत देत होता. ते कुणी विचारलं नव्हतं. या घरात सरकारचं मत विचारायची पद्धतच नव्हती. ते आपसूक यायचं आणि लगेच अमलात यायचं.

सरकार हे नाव आधी कारागिरांनी ठेवलं, मग सुनांनी उचललं. पोटची मुलं तोंडावर बाबा म्हणत आणि पाठीमागे सरकार. साखरेच्या आजाराने पायांची जाणीव गेली, जखम भरेना झाली, तरी अंमल तसूभर हलला नव्हता. भिंतीवर खिळ्याला त्यांची काठी अजून लटकत होती. तिच्यावर चार खुणा होत्या: बैठक किती उंच, किती खोल, हात कुठे, पाठ कुठवर. चारही मापं सरकारच्या स्वतःच्या देहाची, ऐन तिशीत घेतलेली. गिऱ्हाईक ताडमाड असो की बुटकं, इथली प्रत्येक खुर्ची त्याच काठीवर होत आली. खुर्चीने माणसाला कशाला जुळवून घ्यायचं, माणूस घेतो की, असं सरकारचं म्हणणं. लोकांच्या कंबरा धरत, पण लाकूड इतकं चांगलं असे की लोक दोष कंबरेला देत.

आजच्या सिंहासनालाही तीच काठी लागली होती.

चर्चमध्ये मागच्या खोलीची साफसफाई करताना फादरना एक जुनी लाकडी मूर्ती सापडली. गोणपाटात गुंडाळून दोरीने आवळलेली. वर चेहरा आणि मुकुट तेवढा उघडा. ही मूर्ती सरकारच्या वडिलांनी घडवलेली, एवढं कुणालातरी आठवत होतं. फादरनी थोरल्याला बोलावलं. थोरल्याने मुकुट पाहिला, गोणपाटावरून हात फिरवला, गुडघे वाकलेले लागले आणि त्याने तिथल्या तिथे निकाल दिला: ख्रिस्त राजा आहे, बसलेला आहे, खुर्ची हरवली आहे. तीन पिढ्या खुर्च्या करणाऱ्या घरातला माणूस. वाकलेला गुडघा म्हणजे बसलेला माणूस, याखेरीज दुसरं काही त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. खुर्चीतलं या लोकांना कळणार नाही तर कुणाला, म्हणून फादरनीही मान डोलावली.

उद्या सकाळी सिंहासन आणि राजा दोघांनाही चर्चमध्ये न्यायचं होतं. आज चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, झाल्यावर घरच्यांपुढे राजाला एकदा बसवून बघायचं ठरलं होतं. शिवाय थोरल्याच्या सदऱ्याच्या खिशात एक कागद होता. राजा बसला की सगळ्यांच्या आनंदात सरकारची त्यावर सही घ्यायची, असा त्याचा बेत होता.

तो कागद कारखान्यावरच्या खोलीचा होता. त्या खोलीत मधली राहत होती. मधला गेला त्याला पाच वर्षं झाली. त्याच्या मागे ही त्याची बायको सकाळी सरकारचे पाय धुऊन पट्टी बदलायची आणि मग दिवसभर खुर्च्यांना पॉलिश करायची. थोरल्याला तिथे शोरूम हवी होती. मधलीने भावाकडे जावं, तिथे मोकळी हवा आहे, असं तो गेले दोन महिने तिच्या तब्येतीच्या काळजीने सांगत होता. भावाकडे तीन खोल्यांत सात माणसं होती. त्या मोकळ्या हवेबद्दल मधलीने अजून काही मत दिलं नव्हतं.

बाकीच्यांना थोरल्याने आधीच गप्प केलं होतं. धाकटा गाद्या शिवायचा. त्याला खोलीतली खिडकीची बाजू कबूल केली. बहीण, जिला सगळे ताई म्हणत, चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची. तिला वर्गासाठी रविवारी अर्धी खोली. क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी निदान चिठ्ठ्या तरी टाकल्या होत्या. इथे खोलीची मालकीण खाली पॉलिश करत असताना वरची जमीन खडूने आखून झाली होती.

सिंहासनालाही पॉलिश तिनेच केलं होतं. एकावर एक नऊ हात.

थोरलीने सिंहासनाकडे पाहिलं आणि तिला नवऱ्याचा खरंच अभिमान वाटला. उंच पाठ, वर कोरलेला सूर्य, हातांना सिंहाचे पंजे. ती म्हणाली, "राजाने असंच बसावं. समोर गेलं की मान आपोआप वर झाली पाहिजे."

"नाहीतर लोक शेफारतात," खिडकीपाशी बसलेले सरकार म्हणाले.

ताईला यात बोलायला जागा दिसली. तिने आपल्या वर्गातल्या आवाजात सांगितलं, की हा राजा इतर राजांसारखा नाही. त्याची सत्ता प्रेमाची. तो गोरगरिबांचा, कष्टकऱ्यांचा राजा. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मधली खाली बसून सिंहाच्या पंज्यावरचा एक डाग कापडाने काढत होती, तिला ओलांडून ताई बाजूच्या एका खुर्चीवर जाऊन बसली.

दोघा भावांनी गोणपाट सोडलं. आत जुनं, घट्ट रेषांचं लाकूड होतं आणि कुठेही रंग नव्हता. मुकुट मोठा होता, चेहरा मात्र वर बघत नव्हता. तो खाली, आपल्या हातांच्या पुढ्यात कशाकडे तरी बघत होता. भाऊ त्याला उचलून सिंहासनात ठेवायला गेले आणि राजा पुढे कलंडला. धाकट्याने छातीला हात लावून धरलं म्हणून नाक वाचलं.

"नीट मागे सरकव," थोरला म्हणाला.

मागे सरकवलं. गुडघ्याखालचे पाय बैठकीच्या आत मुडपून राहिले, टाचा खुर्चीच्या पाठीला टेकल्या, राजा पुन्हा पुढे आला. पाचर मारून पाहिली. गादी ठेवून पाहिली. धाकट्याने सुचवलं की पाठीतून दोन स्क्रू मारू, लांबून कोण बघतंय. थोरल्याने लेथवर मुद्दाम वळवलेला राजदंड आणला होता, तो हातात देऊन पाहिला. हात होते गुडघ्यांच्या पुढ्यात, खाली, तळवे वर, उघडे. दंड घरंगळून खाली पडला आणि कपाटाखाली गेला. तो काढायला थोरलीला झाडू आणावा लागला.

थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे त्याचं लहानपणापासूनचं. चूक झाली की कान लाल होत आणि चूक दुसऱ्याची आहे हे त्याला त्याच क्षणी दिसू लागे. आज ती आजोबांची होती.

"म्हातारबांना बैठकीचा अंदाज आला नाही," तो म्हणाला. "पाय नको तितके मागे गेलेत. गुडघ्याखाली कापू आणि पुढून नवे पाय जोडू. झग्याखाली सांधा दिसायचा नाही."

त्याने करवत उचलली. धाकट्याने पेन्सिलीने रेघ ओढायला सुरुवातही केली. ताई खुर्चीत जराशी हलली. राजाचे पाय कापावेत की नाही यावर धर्मशिक्षणाच्या पुस्तकात काही नव्हतं, आणि अर्धी खोली अजून हातात यायची होती. ती गप्प राहिली.

मधली उठली. पाच वर्षांत तिने या कारखान्यात आवाज चढवला नव्हता आणि आताही चढवला नाही. मूर्तीच्या गुडघ्यावर, बरोब्बर पेन्सिलीच्या रेघेवर, तिने हात ठेवला.

"दादा, ते बसलेले नाहीत."

"मग काय झोपलेत?"

"खाली ठेवून बघा. जमिनीवर."

थोरला म्हणाला की पॉलिश करणाऱ्यांनी पॉलिश करावं. तिने हात काढला नाही. करवत चालवायची तर तो हात आधी बाजूला करावा लागणार होता, आणि भावजयीचा हात धरून बाजूला करणं थोरल्यालाही जमेना. सगळे घुटमळले.

धाकट्याच्या मनात त्या क्षणी खिडकी होती. पण त्याच्या हाताखाली लाकूडही होतं, आणि बापाकडून दुसरं काही नाही तरी लाकडाची लाज त्याच्यात आली होती. त्याने पेन्सिल कानावर ठेवली, मूर्ती एकट्याने कवेत घेतली आणि खाली जमिनीवर उतरवली.

राजा उभा राहिला. म्हणजे गुडघ्यांवर, पण पक्का. पाचर नाही, गादी नाही. धाकट्याने खांद्याला हलवून पाहिलं, तो डगमगला नाही.

"हे तुला गं कसं कळलं?" ताईने विचारलं.

मधलीने उत्तर द्यायच्या ऐवजी ते करून दाखवलं. मूर्तीच्या शेजारी ती गुडघ्यांवर बसली, पुढे वाकली, दोन्ही तळवे वर करून खाली धरले. पाठीचा बाक तोच, हातांमधलं अंतरही तेच. "मी रोज सकाळी अशी बसते," ती म्हणाली. "बाबांच्या पायांपाशी."

ताईने पुढच्याच महिन्यात मुलांना शिकवायचा धडा मनात उघडला: शेवटचं जेवण, कमरेला रुमाल, घंगाळात पाणी, आणि शिष्यांचे पाय धुणारा गुरू. अकरा वर्षं ती तो शिकवत होती. कोणत्या शिष्याने किती वेळा नाही म्हटलं आणि प्रभूने काय उत्तर दिलं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. आणि आज तिने राजाचे पाय कापायला मूक संमती दिली होती. तिला स्वतःची शरम वाटली आणि ती खुर्चीवरून उठून बाजूला, मधलीच्या अंगाने जाऊन उभी राहिली.

"पण मुकुट?" थोरली म्हणाली. "पाय धुताना मुकुट कशाला घालेल कुणी?"

"तेच," सरकार म्हणाले. सगळे वळले. "तेच म्हणाले होते ते लोक."

सरकारनी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती, कारण त्यात त्यांच्या घराण्याचा पराभव होता. त्यांचे वडील मूर्तिकार होते. ही मूर्ती त्यांनी दोन वर्षं घडवली. तेव्हाच्या चर्च कमिटीने ती पाहिली आणि म्हटलं, एक काहीतरी कर. मुकुट काढ, नाहीतर गुडघ्यावरून उठव. राजा वाकत नाही, आणि वाकला तर मुकुट घालून वाकत नाही. वडील म्हणाले, मुकुट काढून तर कुणीही वाकेल. कमिटीने मूर्ती पोत्यात बांधून ठेवली.

"मी मूर्ती पाहिली नव्हती. एवढंच ऐकलं होतं, की कसलासा राजा होता आणि नापास झाला," सरकार म्हणाले. "त्यानंतर त्यांनी देव केला नाही. खुर्च्या केल्या. मला म्हणाले, लोकांना वाकणारा देव नको, बसायला जागा हवी. तू खुर्च्या कर, उपाशी मरणार नाहीस."

यावर कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. थोरला बोलला. त्याचं सगळं लक्ष अजून त्या नऊ हातांच्या पॉलिशवर होतं. आजोबांचं जे असेल ते असो, पण आपल्या सिंहासनात दोष नाही हे त्याला सिद्ध करायचं होतं. माप काठीचंच आहे, तो म्हणाला, बाबांना बसवून बघा. आणि सरकारला उचलून सिंहासनात बसवण्यात आलं.

ते असे बसले की शंकाच नको. पाठ पाठीला, तळहात सिंहाच्या पंज्यांवर, डोकं बरोबर सूर्याखाली. पंचेचाळीस वर्षं चुकीच्या माणसांना बसवून शेवटी काठीला तिचा माणूस सापडला होता. थोरलीच्या तोंडून "वा" गेलं.

फक्त समोर जागा कमी होती. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला कपाट, आणि मध्ये गुडघ्यांवर तो. सरकारचा पट्टी बांधलेला पाय खाली सोडला तो थेट त्या उघड्या तळव्यांत जाऊन टेकला. त्यांना तो स्पर्श कळला नाही. पायांची जाणीव गेलेली. पण दिसलं. मुकुट घातलेलं एक डोकं त्यांच्या पायांपुढे वाकलं होतं आणि सावकाश, काहीच घाई नसल्यासारखं, त्यांच्या जखमेकडे बघत होतं.

"पाय वर घ्या माझे," सरकार म्हणाले.

धाकटा पुढे झाला, पण ताईने त्याचा दंड धरला. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"अरे, पाय वर घ्या कुणीतरी. बरं दिसत नाही हे."

सरकारच्या आवाजात आज पहिल्यांदाच हुकूम नव्हता. ते मूर्तीकडे पाहत होते, मग मधलीकडे. ती अजून तशीच, मूर्तीच्या शेजारी जमिनीवर होती. दोघांच्या पाठी सारख्या वाकलेल्या. त्यांना भरून आलं, आणि भरून आलं की काय करायचं असतं हे त्यांनी कधी शिकून घेतलं नव्हतं, म्हणून ते तिच्यावरच चिडले.

"किती वर्षं धुतेस?"

"चार होतील, बाबा."

"चार वर्षांत मी एकदा तरी म्हटलं, पुरे?"

"नाही."

"आणि तूही कधी काही म्हटलं नाहीस."

"जखम होती," मधली म्हणाली. "तुम्ही पुरे म्हटलं असतंत तरी मी धुतलेच असते. तुम्ही ओरडता, पण तुमच्या पायांची मला काळजी वाटते."

थोरल्याला ही वेळ योग्य वाटली. त्याचं हे कसब मानायला हवं, लोकांचे डोळे ओले झाले की त्याला कागद आठवत. त्याने तो खिशातून काढला, उलगडला, पेनासकट बापापुढे धरला आणि सांगितलं की वर शोरूमचं ठरलंच आहे, सगळ्यांची संमती आहे, एक सही तेवढी राहिली.

सरकारनी कागद पूर्ण वाचला. मग चष्मा काढला.

"करतो सही. पण एक सांगा. वरच्या खोलीत राहणारं माणूस सकाळी सात वाजता खाली येतं आणि माझे पाय धुतं. हे काम खोलीबरोबर जातं. उद्यापासून कोण धुणार? शोरूम धुणार?" त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "गाद्या धुणार? का रविवारचा वर्ग?"

"मला खिडकी नको," धाकटा म्हणाला. इतक्या पटकन, की थोरल्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ताई म्हणाली, वर्गाला चर्चचा व्हरांडा आहेच, आणि मुलांना बाहेरच बरं वाटतं.

दोन महिने जुळवलेलं राज्य थोरल्याच्या डोळ्यांदेखत दोन वाक्यांत गेलं. राहिली एक थोरली. ती नवऱ्याच्या बाजूने होती, पण तिने झाडू घट्ट धरला होता आणि तिची नजर सासऱ्याच्या पट्टीवर नव्हती.

थोरला माघार घेणाऱ्यातला नव्हता. तो बापाचाच मुलगा. "मी धुतो," तो म्हणाला.

"धू. वर्षभर धू. मग कागद आण, मी सही करतो. तोवर ती वरच राहील." मग थांबून सरकार म्हणाले, "आणि फादरना निरोप दे. राजा उद्या येतोय, पाय शाबूत आहेत. खुर्ची पाठवत नाही म्हणावं. आमच्याकडे बसणारे पुष्कळ आहेत."

म्हणजे सरकार बदलले होते असं कुणी समजू नये. गुडघे टेकलेल्या देवापुढे बसूनही त्यांनी हुकूमच सोडला होता. फरक एवढाच की या घरात पहिल्यांदा कुणाला तरी खाली बसायला सांगितलं गेलं होतं, आणि ती मधली नव्हती.

"आजपासून," ते म्हणाले. "आज सकाळी मिस्साच्या घाईत राहिलंय."

थोरला दोन पावलं गेला आणि थांबला. त्याने या भिंतीकडे पाहिलं, त्या भिंतीकडे पाहिलं. चाळीस वर्षं तो या कारखान्यात वावरला होता. इथली प्रत्येक छिन्नी, प्रत्येक पाचर कुठे असते हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"घंगाळ कुठे असतं?" त्याने विचारलं.

"पॉलिशच्या डब्यांमागे," मधली म्हणाली.

त्याने ते आणलं, नळाखाली धरलं, आणि पुन्हा थांबला. या वेळी त्याने विचारलं ते हळू, जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"पाणी गरम घेतेस का गार?"

"कोमट. शेगडीवर किटली आहे. त्यांच्या पायांना भाजलेलं कळत नाही, म्हणून आधी आपलं कोपर बुडवून बघायचं."

थोरल्याने किटली ओतली. घंगाळ सिंहासनापुढे ठेवलं. राजाच्या शेजारी, जिथून मधली नुकतीच उठली होती तिथे, तो आधी एक गुडघा आणि मग दुसरा टेकवून बसला. वाकताना खिशात परत ठेवलेला कागद पोटाला टोचू लागला. त्याने तो काढला, ठेवायला कुठे जागा मिळेना म्हणून शेवटी मधलीच्या हातात दिला, आणि बाही वर केली.